पुराने थोडी शिस्त पाळावी

पूर आला की आपल्याकडे पहिला दोष धरणाला, दुसरा सरकारला आणि हल्ली तिसरा मोठ्या कंपन्यांना द्यायची रीत पडली आहे. मदत केली तर फोटोसाठी केली म्हणायचे, नाही केली तर तिजोरीला चिकटून बसल्या म्हणायचे. आम्हाला हे न्यायाचे वाटत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत कंपन्यांच्या मदतीची जी व्यवस्था या देशात उभी राहिली आहे ती शांतपणे न्याहाळली, तर तिच्यात खोट काढायला जागा सापडत नाही. खोट आहे ती आपत्तींमध्ये. आपल्या आपत्तींना वेळकाळ कळत नाही, जागेचा विवेक नाही, आणि ज्या घराच्या दारापर्यंत गाडी जात नाही नेमके तेच घर गाठायची त्यांना खोड आहे.

खैरलांजीचेच घ्या. भंडारा जिल्ह्यातली, २००६ च्या हत्याकांडाने साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालेली खैरलांजी वेगळी. ही मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली, तहसिलीचे ठिकाण असलेली. तहसिलीच्या एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला बावनथडी, आणि नदी ओलांडली की महाराष्ट्र. लोक घरात पोवारी नाहीतर मराठी बोलतात, कचेरीत हिंदी. सोयरिकी तुमसर-तिरोड्यापर्यंत जुळलेल्या. १९५६ पर्यंत या सगळ्या मुलखाची राजधानी नागपूर होती. मग रेघ ओढली गेली, इकडे पटवारी राहिला, तिकडे तलाठी. शेतात मात्र दोन्हीकडे धानच. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मुलूख अगदीच नाव घेण्याजोगा नाही असेही नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सिवनीकडे अफाट पाऊस झाला, भीमगडच्या संजय सरोवरातून पाणी सोडले गेले आणि वैनगंगा बालाघाट, गोंदिया, भंडारा करीत थेट गडचिरोलीपर्यंत काठ सोडून वाहिली. भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले, गोसेखुर्दचे तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडावे लागले. वरच्या राज्याने खालच्या राज्याला वेळेवर सांगितले की नाही यावर बरेच दिवस वाद चालला. तो वाद आम्ही इथे उकरत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते पुराच्या वागणुकीबद्दल.

पूर आला ऑगस्टच्या शेवटी. कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. ऑगस्टात सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, समितीची जेमतेम एखादी बैठक झालेली असते, वार्षिक आराखडा संचालक मंडळापुढे जायच्या वाटेवर असतो. दानाची खरी ऊर्मी येते ती फेब्रुवारीत, खर्च न झालेली रक्कम डोळ्यांपुढे नाचू लागते तेव्हा. त्या दिवसांत हिशेबनीस मंडळी गावोगाव गरजू शोधत हिंडत असतात. आणि फेब्रुवारीत वैनगंगा काय करते? वाळूचे पट्टे उघडे टाकून निवांत पडून असते. ज्या नदीला देणाऱ्याची सवड कळत नाही, तिच्या काठच्या लोकांनी देणाऱ्याला नावे ठेवू नयेत.

कायदाही समजून घ्यायला हवा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. तीन वर्षांची सरासरी, त्याचे दोन टक्के: यात घाईगर्दीला, भावनेला, उमाळ्याला कुठे वाव नाही, हेच या तरतुदीचे सौंदर्य. नदीला सरासरी काढून वाहायची सवय असती तर दोघांचा मेळ छान बसला असता.

या कायद्याला जोडलेल्या सातव्या अनुसूचीत कोणकोणती कामे मोजली जातील याची यादी आहे. ग्रामीण खेळ आहेत, ऑलिंपिकचे खेळ आहेत, ऐतिहासिक वास्तू आहेत, कलाकृतींचे जतन आहे. आपत्ती व्यवस्थापन हे शब्द त्या यादीत नावानिशी आले ३० मे २०१९ रोजी. तोवर पाच वर्षे आपत्तीग्रस्तांची सोय पंतप्रधानांच्या मदतनिधीतून किंवा इतर कलमांचा उदार अर्थ लावून होत असे. कोणी म्हणेल, एवढा उशीर का? आम्ही म्हणतो, यादीत नाव येईपर्यंत थांबणे हे सभ्य माणसाचे लक्षण आहे. आपत्तीला मात्र दम निघत नाही. नाव आल्याला पुरते अडीच महिनेही झाले नव्हते तोच ऑगस्टात कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली.

त्या पुरातली एक गोष्ट आम्हाला अजून खटकते. मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर नेत्यांच्या छब्या असलेली स्टिकरे लावली गेली आणि त्यावरून केवढा गहजब झाला. चार दिवस छपरावर बसून काढलेल्या माणसाला आपण कोणाचे उपकृत आहोत हे कळायला नको? सरकारी धान्याला चेहरा नसतो, तो कोणी कष्ट घेऊन चिकटवला तर आभार मानायचे सोडून लोक चिडले. कंपन्यांनी यातून योग्य तो बोध घेतला. त्या स्टिकर लावत नाहीत. पिशवीच छापून आणतात.

मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा तर व्यवस्थेने कमालीची स्पष्टता दाखवली. २८ मार्चला खुलासा निघाला की पीएम केअर्स निधीला दिलेले पैसे सीएसआरमध्ये धरले जातील. १० एप्रिलला दुसरा खुलासा निघाला की करोनासाठी मुख्यमंत्री मदतनिधीला दिलेले धरले जाणार नाहीत. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिले तर पुन्हा धरले जातील. म्हणजे तोच रुपया दिल्लीला गेला तर सामाजिक जबाबदारी, मुंबईला किंवा भोपाळला मुख्यमंत्र्यांकडे गेला तर नुसती हौस. रुपयाने कोणत्या गाडीत बसावे हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा देश दुसरा नसेल. त्याच वर्षी ऑगस्टात वैनगंगा चढली, तेव्हा बहुतेकांची जबाबदारी पाच महिन्यांपूर्वीच पार पडलेली होती. दुसऱ्याच्या आपत्तीच्या पाठोपाठ आपली आपत्ती आणणे हा शिष्टाचार नव्हे.

मग येतो जागेचा प्रश्न. कायदा म्हणतो, कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे. हे बंधन जड वाटू नये म्हणून २०२१ च्या खुलाशात मंत्रालयाने असेही सांगून टाकले की ही तरतूद मार्गदर्शक आहे, सक्तीची नाही. परिसर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कंपनीच्या विवेकावर सोडले आहे, आणि विवेकाची कमतरता आपल्या उद्योगजगताला कधी भासली नाही. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. तुमसरच्या बाजूला डोंगरी बुजुर्गला मँगनीज आहे. बालाघाट जिल्ह्यातच भरवेलीला मँगनीज, मलाजखंडला तांबे. खैरलांजीच्या वाट्याला मुख्यतः धान आला. धानाचे मुख्यालय नसते, धानाचे संचालक मंडळ नसते, धानाची तीन वर्षांची सरासरी काढली तर निघतो तो तोटा. ज्या गावाने आपल्या जमिनीखाली काही ठेवले नाही त्याने जमिनीवरच्या पाण्याची तक्रार कोणाकडे करावी?

देशात वर्षाला २५,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम या कलमाखाली खर्च होते आणि राज्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो. मुख्यालये मुंबई-पुण्यात असली की परिसरही तिथलाच, हे ओघानेच आले. एकाच रात्री एकाच पाण्यात बुडालेल्या दोन काठांपैकी एक या थोरल्या वाटेकऱ्याच्या राज्यात आणि दुसरा त्याच्या बाहेर, असे झाले तर त्यात कोणाचा पक्षपात नाही. रेघ १९५६ ची आहे. पाण्याने ती वाचली नाही, हिशेबाने वाचली.

आता प्रत्यक्ष मदत पाहू. आम्ही अशा समारंभांचे चाहते आहोत. कार्यक्रम शक्यतो डांबरी रस्त्यावरच्या शाळेच्या पटांगणात असतो, कारण आतल्या टोल्यांवर चिखल असतो आणि पाहुण्यांचे बूट पांढरे असतात. गावकऱ्यांना नऊला बोलावतात, पाहुणे बाराला येतात. मधल्या तीन तासांत पूरग्रस्तांना रांगेत बसायचा सराव होतो, जो पुढे पटवाऱ्याच्या दारात कामी येतो. पिशवीवर दोन्ही बाजूंनी चिन्ह छापलेले असते, जेणेकरून ती कशीही धरली तरी कंपनी वंचित राहू नये. आत नूडल्सची पाकिटे, बिस्किटे, शाम्पूच्या पुड्या, टूथपेस्ट, सॅनिटायझर आणि पाच किलो तांदूळ. धानाच्या मुलखात तांदूळ नेणे यात काहींना विसंगती दिसेल. आम्हाला त्यात स्थानिक आवडीचा आदर दिसतो. चूल फुटलेली, लाकडे भिजलेली, तेव्हा तांदूळ शिजवायचा कशावर, हा प्रश्न संबंधित कुटुंबाच्या कल्पकतेवर सोडलेला असतो. माणसाला परावलंबी करू नये असे सगळेच तज्ज्ञ सांगतात.

पिशवी देताना देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात काही क्षण एकाच वेळी तिच्यावर असावा लागतो आणि दोघांनी समोर पाहावे लागते. हे दिसते तितके सोपे नाही. म्हाताऱ्या बाया पिशवी हातात आली की ओढून चालू लागतात. त्यांना परत बोलावून पुन्हा द्यावी लागते. एकाच बाईला एकच पिशवी तीनदा मिळण्याचा हा प्रसंग वाटपाच्या आकड्यात धरला जात नाही, यावरून कंपन्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

हे सारे जाहिरातीसाठी असते असा आरोप करणाऱ्यांनी नियम वाचावेत. आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी केलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. ज्या अर्थी हे वाटप धरले जाते, त्या अर्थी ती जाहिरात नसते. शिवाय या बाबतीत आपण अजून फार मागे आहोत. अमेरिकेतल्या फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने १९९९ मध्ये साडेसात कोटी डॉलर दानधर्मावर खर्च केले आणि त्या दानधर्माची माहिती लोकांना व्हावी म्हणून जाहिरातींवर दहा कोटी. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये असे म्हणणाऱ्या जुन्या लोकांना हे खटकेल. पण डाव्या हाताला कळवायलाच इतका खर्च येत असेल तर उजव्याने जपून दिलेले बरे.

उलट त्याच देशात बेशिस्तीचेही उदाहरण घडले, ते आपल्याकडच्या कंपन्यांनी गिरवू नये म्हणून सांगतो. २००५ मध्ये कतरिना वादळ आले तेव्हा वॉलमार्टचे पाण्याने भरलेले ट्रक कित्येक ठिकाणी सरकारी यंत्रणेच्या आधी पोहोचले. वरिष्ठांनी दुकानांच्या मॅनेजरांना कळवले होते की समोर दिसेल त्यावरून काय ते ठरवा, विचारत बसू नका. मिसिसिपीतल्या वेव्हलँड गावच्या एका सहायक मॅनेजरबाईंनी तर आपल्याच दुकानाच्या ढिगाऱ्यात बुलडोझर घालून चांगला राहिलेला माल बाहेर काढला आणि लोकांना वाटून टाकला, औषधांच्या दालनाचे कुलूप तोडून इस्पितळाला औषधे दिली. समिती नाही, ठराव नाही, फलक नाही. कंपनीकडे गोदामे आहेत, गाड्या आहेत, कुठे काय साठलेले आहे याची पक्की यादी आहे आणि ती यादी वापरायला खालच्या माणसाला मोकळीक आहे, एवढ्याशा बळावर त्यांनी मदत उरकली. आपल्याकडे हे लोण आले तर सीएसआर विभागातल्या माणसांनी करायचे काय?

तशी बेशिस्त आमच्या वैनगंगेवरही आहे. पूर आला की पहिला डोंगा सुटतो तो ढीवरांचा. ज्याला पाण्याचा भोवरा कुठे आणि बुडालेला बांध कुठे हे डोळे मिटून ठाऊक, तो माणूस नेसत्या लुंगीवर निघतो आणि शेळीसकट म्हातारीला आणून सोडतो. नंतर त्याच्या डोंग्याला नवी फळी कोणी देत नाही, जाळे वाहून गेले तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे हेही कोणाला ठाऊक नसते. पण चूक त्याचीच आहे. २०२१ च्या नियमांनुसार मोठ्या प्रकल्पांचे प्रभाव-मूल्यांकन त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावे लागते. ढीवराने ते कधीच करून घेतलेले नाही. तेव्हा त्याने काढलेली माणसे खरोखर वाचली असे खात्रीने म्हणणे अवघड आहे.

पूर ओसरल्यावर तर गावकरी आणखीच हट्टी होतात. बांध्यांत वाळू चढते, तिला उपसायला ट्रॅक्टर मागतात. जनावरांना तणीस मागतात, कारण गंजी वाहून गेलेली असते. धान हातचा गेला म्हणून ऑक्टोबरात लाखोळी आणि जवसाचे बियाणे मागतात. ज्याने दुसऱ्याची शेती अधियाने केली तो म्हणतो, महसुलाच्या आरबीसी सहा-चार परिपत्रकाची भरपाई खसऱ्यावर नाव असलेल्या मालकाला मिळाली, मला कोण विचारणार? या सगळ्या मागण्या ऐकल्या की लक्षात येते, यांतल्या एकीचाही चांगला फोटो निघत नाही. वाळू उपसलेली बांधी ही वाळू न चढलेल्या बांधीसारखीच दिसते. लाखोळीचे बियाणे पेरून झाले की दिसतही नाही. नुकसान झाले नाही असा देखावा उभा करायला पैसे देणे कोणत्या भागधारकाला पटेल? त्यापेक्षा जुने कपडे द्यावेत. ते दिसतात. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्यांच्या कडेला कपड्यांचे एवढे ढीग पडले होते की देशाची करुणा डोळ्यांनी मोजता येत होती.

दीर्घ पल्ल्याच्या पुनर्वसनाबद्दल बोलायचे तर किल्लारीचा अनुभव आहेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्याने वसवायची ठरली, देणगीदार पुढे आले, गावे दत्तक गेली. शहरासारखे रुंद रस्ते आखले, घरे एकमेकांपासून सुटी केली. बैल कुठे बांधायचा आणि शेत किती लांब पडेल असल्या फुटकळ शंकांनी आराखडा अडला नाही. लातूर जिल्ह्यातल्या गुबाळला तर घुमटाकार घरे उभी राहिली. घुमट भूकंपात टिकतो, यात वाद नाही. गोल भिंतीला फडताळ टेकवता येत नाही म्हणून कुरकुर झाली, पण फडताळ चौकोनी कोणी करायला सांगितले होते?

तेव्हा कंपन्यांनी आणखी काय करावे याची चर्चा आता पुरे. खैरलांजीने आणि तिच्यासारख्या गावांनी काय करावे ते बोलू. पूर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यावा, म्हणजे ३१ मार्चच्या आत वाटप, अहवाल आणि लेखापरीक्षण तिन्ही उरकते. ते अगदीच जमत नसेल तर निदान ज्या वर्षी दुसरी मोठी आपत्ती नाही असे वर्ष निवडावे. पाणी राज्यमार्गाच्या दोन किलोमीटरच्या आत थांबावे आणि नागपूरच्या विमानतळावरून सकाळी निघालेल्या पाहुण्यांना संध्याकाळचे विमान गाठता येईल इतक्याच अंतरावरची घरे पडावीत. नदीच्या मध्यातून राज्याची रेघ जात असल्यास पुराने आधी मुख्यालय कोणत्या काठाच्या राज्यात आहे याची चौकशी करावी आणि त्याच काठाला लागावे.

एवढे जमेपर्यंत जे मिळते त्यात समाधान मानायला हरकत नाही, आणि मिळते ते काही थोडे नाही. वाटपाच्या व्यासपीठामागे लावतात तो फलक आपण नीट पाहिला आहे का? वीस फूट लांब, दहा फूट रुंद, जाड, चकचकीत, पाण्याचा थेंब आत जाऊ देत नाही. नूडल्स आठवड्यात संपतात, सॅनिटायझर लेकरे सांडतात. फलक चार पावसाळे टिकतो. कार्यक्रम संपून गाड्या वळल्या की पोरे तो उतरवतात आणि ज्याचे छप्पर गेले त्याच्या घरावर नाहीतर धानाच्या गंजीवर ओढतात. वरून अध्यक्षसाहेब हात जोडून आकाशाकडे बघत राहतात. संपूर्ण मदतीत गरज ओळखून दिल्यासारखी वस्तू असेल तर हीच. पुढच्या खेपेला येणाऱ्या कंपन्यांना आमची एकच नम्र विनंती आहे: फलक तीस फुटांचा करावा, कडांना दोरीसाठी पितळी भोके जवळजवळ पाडावीत, आणि छपाई एकाच बाजूने ठेवावी. साहेबांचा चेहरा आतून दिसला की रात्री लेकरे दचकतात.